विमानाची ॲन्युअल: सोळाशेचं काम सात हजाराला कसं जातं

आमच्या विमानाची पहिली ॲन्युअल, म्हणजे दर वर्षीची सक्तीची तपासणी, केली तेव्हा विमानं दुरुस्त करणाऱ्या शॉपने फोनवर सोळाशे डॉलर सांगितले होते, आणि सात आठवड्यांनी बिल हातात आलं ते सात हजाराचं. तिघांत वाटून घेतलं तरी लागायचं ते लागलंच. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून ते दोन पानी बिल तीनदा वाचलं, आणि खरं सांगायचं तर निम्म्या ओळी काय आहेत तेच कळत नव्हतं. आता पाच ॲन्युअल झाल्यात आणि त्या बिलातली कुठली ओळ खरी गरजेची होती आणि कुठली आमच्या अज्ञानाची फी होती हे मी सांगू शकतो. इथे अमेरिकेत विमान घ्यायचं म्हणणारे बरेच मराठी लोक भेटतात, ते हॅंगरचं भाडं आणि पेट्रोल विचारतात, ॲन्युअलचं कोणी विचारत नाही, म्हणून हे लिहितोय.

विमान म्हटलं की लगेच उद्योगपतींचं जेट डोळ्यासमोर आणू नका. आमचं आहे १९७४ सालचं सेस्ना १७२, चार सीट, एक पंखा, १५० हॉर्सपॉवरचं इंजिन, म्हणजे माझ्या रोजच्या गाडीचं इंजिन याच्यापेक्षा दणकट आहे. हे मॉडेल १९५६ पासून बनतंय आणि आजवर ४४ हजारांच्या वर बनलीयत, जगात कुठलंच विमान एवढ्या संख्येने बनलेलं नाही, थोडक्यात विमानांतली लूना. मी, एक सांगलीचा मित्र आणि एक रिटायर झालेला अमेरिकन पोस्टमन अशा तिघांत ते घेतलंय, आणि ओहायोतल्या एका छोट्या एअरपोर्टवर ते उभं असतं.

आता मुळात ॲन्युअल म्हणजे काय. नियम असा आहे की विमान खाजगी असो, महिन्यातून एकदाच उडत असो, तरी गेल्या १२ कॅलेंडर महिन्यांत त्याची पूर्ण तपासणी होऊन लॉगबुकात सही झालेली पाहिजे, नसेल तर उडवायचं नाही. पैसे घेऊन लोक नेत असाल किंवा फ्लाइंग स्कूलच्या विमानावर शिकवत असाल तर शिवाय दर १०० तासांनी तपासणी लागते, पण आपल्यासारख्या रविवारी उडणाऱ्यांना ती लागत नाही. आणि ही सही कोणीही मेकॅनिक करू शकत नाही. साधा लायसन्सवाला मेकॅनिक असतो त्याला ए अँड पी म्हणतात, एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट. त्याला काही वर्षं अनुभव झाला आणि वरची परीक्षा दिली की तो आयए होतो, आणि ॲन्युअलवर सही आयएचीच लागते. एखाद्या मान्यताप्राप्त रिपेअर स्टेशनचीही चालते, पण छोट्या विमानांचं गाडं मुख्यत्वे आयएवरच चालतं.

"कॅलेंडर महिने" ह्या शब्दात एक गंमत आहे. सही ५ मार्चला झाली काय किंवा ३१ मार्चला झाली काय, पुढच्या वर्षी मुदत संपते ती ३१ मार्चलाच. म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सही झाली तर जवळजवळ तेरा महिने मिळतात आणि शेवटच्या दिवशी झाली तर बारा. आमचा पोस्टमन पार्टनर याच्यात पटाईत, तो तारीख अशी धरतो की काम महिनाअखेरीला अर्धवट असेल तर शॉपला सरळ सांगतो, अजून दोन दिवस जाऊ द्या पण सही एक तारखेनंतर करा. मुदत संपून विमान शॉपमध्ये दोन दिवस नुसतं उभं राहिलं तर कोणाचं काही जात नाही. मात्र मुदत संपली आणि विमान दुसऱ्याच एअरपोर्टवर आहे, तर मग उडवून आणायला एफएएकडून, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान खात्याकडून, खास परवाना काढावा लागतो, त्याला फेरी परमिट म्हणतात, मिळतो, पण कटकट आहे.

मूळ मुद्दा मला दोन वर्षं कळला नव्हता. ॲन्युअल ही तपासणी आहे, दुरुस्ती नाही. सोळाशे डॉलर हा तपासणीचा भाव. त्यात शॉप विमान उघडणार, बघणार, साफ करणार, ग्रीस लावणार, बंद करणार आणि काय सापडलं ते सांगणार. जे सापडलं ते दुरुस्त करायचं बिल वेगळं, आणि ते करायचं की नाही, कधी, कोणाकडून, हे ठरवायचा अधिकार मालकाचा. एफएएच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की विमान उडायच्या लायकीचं ठेवायची जबाबदारी प्रथम मालकाची किंवा चालवणाऱ्याची. मेकॅनिकची नाही. आपण मात्र गाडी सर्व्हिसिंगला टाकल्यासारखं विमान टाकतो, किल्ली देतो, "बघा काय असेल ते करा" म्हणतो आणि घरी जातो. हे वाक्य मीही बोललो होतो. आमच्या पहिल्या बिलातले पाच हजार चारशे त्या वाक्याचे आहेत.

बिल असं होतं: तपासणी १६००, एक सिलिंडर बदलला त्याचे २६००, एक मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र) १२५०, मफलर (इंजिनचा सायलेन्सर) ११५०, आणि फुटकळ ४००. मफलरबद्दल माझी काही तक्रार नाही. छोट्या विमानात केबिनचा हीटर म्हणजे मफलरच्या भोवती पत्र्याचं आवरण असतं, त्यातून बाहेरची हवा फिरवून गरम करून आत सोडतात, त्यामुळे मफलरला चीर गेली की हीटरच्या गरम हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि ओहायोच्या जानेवारीत हीटर बंद ठेवून उडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. चीर मला दाखवली होती, नखाने लागत होती. ते ११५० मी परत एकदा आनंदाने देईन. सिलिंडरचं मात्र वेगळं आहे, त्याच्याकडे येतो.

आधी तपासणीत नक्की काय करतात ते बघू, कारण एकदा शेजारी उभं राहून बघितलं की पैसे कुठे जातात ते कळतं. नियमाप्रमाणे सगळ्या इन्स्पेक्शन प्लेटा, दारं, काउलिंग (इंजिनवरचं आवरण), फेअरिंग (जोडांवरचे पत्रे) उघडायची. सेस्नाच्या पंखांच्या खालच्या बाजूला ताटलीएवढी गोल झाकणं असतात, ती एकेक स्क्रू काढून उघडायची आणि आत टॉर्च आणि आरसा घालून केबल, पुली, गंज, उंदरांची घरटी हे सगळं बघायचं. घरटी खरोखर असतात, आमच्या शेपटीत एकदा अख्खं गवताचं घर निघालं होतं, आणि उंदराच्या मुताने ॲल्युमिनियम खाल्लं जातं हे मला तेव्हा कळलं. आतली सीट, गालिचा, फरशीच्या प्लेटा निघतात. इंजिनचं ऑइल काढून फिल्टर कापतात, आतला कागद पंख्यासारखा उलगडून उन्हात धरतात आणि धातूचे कण चमकतायत का बघतात. स्पार्क प्लग काढून साफ करतात, चार सिलिंडरला आठ प्लग, कारण प्रत्येक सिलिंडरला दोन. ब्रेक, टायर, चाकांची बेअरिंग. शेवटी इंजिन चालवून आरपीएम, मॅग्नेटो, ऑइल प्रेशर, तापमान. आमच्या १७२ ला दोन माणसं दोन दिवस पूर्ण लागतात, आणि आमच्या शॉपचा तासाचा दर १२० डॉलर आहे, म्हणजे सोळाशेत त्यांना काही फार सुटत नाही. बऱ्याच शॉपांचं खरं उत्पन्न तपासणीत नसतं, त्यानंतरच्या दुरुस्तीत असतं, हे एकदा डोक्यात ठेवलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

तपासणीतच एडी बघाव्या लागतात. एडी म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, एखाद्या मॉडेलमध्ये धोकादायक दोष सापडला की एफएए काढतं तो हुकूम, आणि हा कायदा आहे, टाळता येत नाही. सेस्नावाल्यांना तोंडपाठ असलेली एडी म्हणजे सीटच्या रुळांची, २०११-१०-०९. सीट पुढेमागे सरकते ना, त्या रुळाला भोकं असतात आणि सीटची खुंटी त्या भोकात बसते. वर्षानुवर्षं वापरून भोकं लांबट होतात, खुंटी नीट बसत नाही, आणि टेकऑफला विमान नाक वर करतं नेमकं तेव्हा पायलटची सीट सर्रकन मागे जाते. आता माणूस मागे जाताना हाताला जे लागेल ते धरतो, हातात असतं स्टिअरिंग, ते तो मागे ओढतो, नाक आणखी वर जातं आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपते. असे अपघात झालेत म्हणून दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, रूळ मोजावेच लागतात. मी स्वतः गुडघ्यावर बसून त्या भोकांत मापाची पट्टी घालून बघितलीय. तेव्हापासून सीटवर बसलो की पुढेमागे दोन हिसके दिल्याशिवाय मी इंजिन चालू करत नाही.

पायपर ह्या दुसऱ्या कंपनीची विमानं असणाऱ्यांची व्यथा वेगळी. २०१८ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडात डेटोना बीचजवळ एका पायपर ॲरोचा डावा पंख हवेतच तुटून पडला, दोघं गेले, आणि पंखाच्या मुख्य तुळईत बोल्टच्या भोकापाशी थकव्याची चीर होती असं निघालं. त्यातून एडी २०२०-२६-१६ आली, ज्यात बोल्ट काढून भोकाच्या आतून एडी करंट नावाच्या विजेच्या तपासणीने चीर शोधायची. (एडी म्हणजे डायरेक्टिव्ह आणि एडी करंट ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बराच वेळ गोंधळलो होतो.) चेरोकी, म्हणजे पायपरचंच छोटं विमान, घेणार असाल तर ती तुमच्या विमानाला लागू होते का आणि झालीय का, हे लॉगबुकात बघूनच पुढे बोला.

आता एडीचा चुलतभाऊ म्हणजे सर्व्हिस बुलेटिन, आणि इथेच बिल फुगतं. सर्व्हिस बुलेटिन विमान किंवा इंजिन बनवणारी कंपनी काढते, त्याच्यावर कधीकधी ठळक अक्षरात "मँडेटरी" लिहिलेलं असतं, आणि शॉपवाला तो कागद तुमच्यापुढे धरतो. पण आपण भाडं न घेता स्वतःपुरतं उडवतोय तोपर्यंत कंपनीने मँडेटरी लिहिल्याने ते कायद्याने बंधनकारक होत नाही, एफएएने एडीत घेतलं तरच होतं. वाचावं, विचार करावा, बऱ्याचदा करणंच शहाणपणाचं असतं, पण "करावंच लागेल" आणि "केलेलं बरं" ह्यातला फरक आपल्याला माहीत पाहिजे. टीबीओचंही तेच. आमच्या लायकमिंग इंजिनचा टीबीओ, म्हणजे ओव्हरहॉलची (इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधायची) शिफारस, २००० तास किंवा १२ वर्षं. आज ओव्हरहॉलला ३० हजार डॉलरच्या पुढेच जातात. २००० तास झाले म्हणून खाजगी मालकाला इंजिन उतरवायची सक्ती नाही, इंजिनची तब्येत बघून ठरवायचं. पण कितीतरी लोक शॉपने सांगितलं म्हणून चांगलं चालणारं इंजिन उतरवतात.

तर सिलिंडर. दर ॲन्युअलला कॉम्प्रेशन टेस्ट करतात: प्लगच्या भोकातून ८० पीएसआयची हवा सोडायची आणि सिलिंडर किती धरून ठेवतो ते बघायचं. ७४ धरले तर ७४/८० असं लिहितात. पहिल्या वर्षी आमच्या दोन नंबरच्या सिलिंडरचं ६४/८० आलं. मला फोन आला तो असा की "सिलिंडर काढलाय, आता परत तोच बसवण्यात काही अर्थ नाही, ओव्हरहॉल केलेला मागवू का?" काढलाय. विचारलं नाही, काढूनच सांगितलं. मी काय बोलणार, हो म्हटलं. नंतर लायकमिंगचा स्वतःचा कागद वाचला तर त्यात ६० च्या खाली आलं तर काढायचा विचार करा असं होतं, आणि सिलिंडरा-सिलिंडरांत जास्त फरक दिसला तर उडवून परत टेस्ट करा असंही होतं. ६४ ला परत टेस्ट करायची होती. कोणी केली नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या शॉपमध्ये तीन नंबरचं ५८ आलं. ह्या वेळी मी हॅंगरमध्येच उभा होतो. तिथला आयए म्हातारा आहे, सत्तरीच्या पुढचा, कमी बोलतो. मी विचारलं आता? तो म्हणाला, "कान लावा." हवा सुटते तिचा आवाज कुठून येतो त्यावरून गळती कुठे ते कळतं. एक्झॉस्ट पाइपमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या नळीतून आली तर पिस्टनच्या रिंगा. आमचं ऑइलच्या नळीतून येत होतं, म्हणजे रिंगा, आणि रिंगांचं रोज वेगळं असतं. मग त्याने बोरोस्कोप आत घातला, सापासारखी बारीक वायर आणि टोकाला कॅमेरा, आणि फोनवर मला एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा फोटो दाखवला. चांगला व्हॉल्व्ह चहूबाजूंनी सारखा भाजलेला दिसतो, तव्यावरच्या भाकरीसारखा. बिघडायला लागला की एकाच बाजूची कडा वेगळ्या रंगाची होते, हिरवट, एका बाजूनेच करपलेली भाकरी. आमची सगळीकडून सारखी होती. म्हातारा म्हणाला इंजिन चालवा पंधरा मिनिटं, चांगलं गरम करा, परत बघू. परत बघितलं तर ७१. त्या दिवशी सिलिंडर वाचला, आणि तो आजही चालतोय, ह्या वर्षी ७२ होता.

सिलिंडर काढण्यात फक्त पैशांचा प्रश्न नाही. ज्या बोल्टांनी सिलिंडर बसतो त्यातले काही इंजिनच्या दोन्ही अर्ध्यांना आवळून धरतात, ते सैल केले आणि परत बरोबर ताकदीने, बरोबर क्रमाने आवळले नाहीत तर आतली बेअरिंग हलू शकते, आणि सिलिंडर बदलल्यावर काही तासांत उडतानाच इंजिन निकामी झाल्याच्या घटना आहेत. म्हणजे दुरुस्तीनेच बिघाड. हे नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये पाणबुड्या शोधणारी लिबरेटर विमानं होती आणि त्यांच्या बिघाडांचा हिशेब वॉडिंग्टन नावाच्या जीवशास्त्रज्ञाच्या टीमने मांडला. त्यांना दिसलं की दर ५० तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाडांची संख्या वाढते आणि मग हळूहळू कमी होत जाते. म्हणजे तपासणीतच कोणीतरी काहीतरी बिघडवत होतं. तपासण्यांमधलं अंतर वाढवलं आणि नको ती कामं काढून टाकली तर विमानं जास्त उडायला लागली. ह्याला आता वॉडिंग्टन इफेक्ट म्हणतात. (हा माणूस अगदी लहान असताना केरळातल्या चहाच्या मळ्यात राहिलेला, वडील तिथे कामाला होते. उगाच आठवलं.) त्यामुळे ॲन्युअलनंतरच्या पहिल्या उड्डाणाला आम्ही कोणालाही बरोबर नेत नाही, एकटा पायलट, एअरपोर्टच्या वरच अर्धा तास, आणि उतरल्यावर काउलिंग उघडून परत एकदा नजर.

आता मेकॅनिकची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर सगळेच लुटारू आहेत असं वाटेल, आणि तसं नाहीये. आयए सही करतो तेव्हा तो आपलं लायसन्स आणि घर दोन्ही पणाला लावतो. १९९४ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला, त्याने छोटं विमान १८ वर्षांपेक्षा जुनं असेल तर त्याच्या दोषाबद्दल बनवणाऱ्या कंपनीवर सहसा दावा लावता येत नाही असं केलं. सेस्नाने १९८६ मध्ये छोटी विमानं बनवणंच बंद केलं होतं, ते ह्या कायद्यानंतर १९९६ मध्ये परत चालू झालं, तेवढं चांगलं झालं. पण उद्या आमचं पन्नास वर्षांचं विमान पडलं तर वकील कंपनीकडे जाऊ शकत नाही, मग जातो कोणाकडे, शेवटची सही ज्याची त्याच्याकडे. म्हणून तो घाबरून दोन गोष्टी जास्तच बदलतो. त्यात नवीन पोरं ह्या धंद्यात कमी येतात, चांगल्या शॉपमध्ये तीन-तीन महिने आधी नंबर लावावा लागतो. ओहायोतच, डेटनला, राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानात चार्ली टेलर नावाचा मेकॅनिक होता, त्याने साधारण सहा आठवड्यांत १९०३ च्या विमानाचं १२ हॉर्सपॉवरचं इंजिन घडवलं. राइट सगळ्यांना माहीत आहेत, टेलर कोणाला माहीत नाही. आमचा म्हातारा हे दर वर्षी एकदा तरी ऐकवतो.

मग आता आम्ही काय करतो. विमान टाकायच्या आधी एका पानावर लिहून देतो आणि शॉपवाल्याची सही घेतो: फक्त तपासणी करा, यादी द्या, आमचा होकार लेखी आल्याशिवाय एकही दुरुस्ती सुरू करू नका, सिलिंडर तर हातच लावू नका, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट खोक्यात ठेवा. पहिल्यांदा एका शॉपने ह्यावर सही करायला नकार दिला, आम्ही तिथून विमान परत आणलं. सांगलीकर म्हणाला, "अरे, उसाच्या काट्यावर सुद्धा वजन बघून मगच सही करतात." यादी आली की तिघं बसतो आणि प्रत्येक ओळीपुढे लिहितो: हे केल्याशिवाय उडणं बेकायदा किंवा धोक्याचं, हे केलेलं बरं पण उन्हाळ्यात करू, हे नको. शंका असेल तर फोटो मागतो. फोटो मागितल्यावर यादी आपोआप थोडी लहान होते असा माझा अनुभव आहे, त्याचा अर्थ तुम्ही काय काढायचा तो काढा.

आणि समजा अजिबातच जमलं नाही, शॉप म्हणतंय अमुक एक बदलल्याशिवाय सही नाही आणि तुमचं मत वेगळं. बहुतेक मालकांना वाटतं आपण अडकलो. अडकलेलो नसतो. आयएला असं म्हणता येतं की तपासणी पूर्ण झाली, ह्या ह्या दोषांमुळे विमान उडण्यायोग्य नाही, आणि दोषांची सही केलेली यादी मालकाला द्यावी लागते. तिथे त्या वर्षाची ॲन्युअल झाली. आता ते दोष कुठलाही साधा ए अँड पी दुरुस्त करून, काम मोठ्या दुरुस्तीत मोडत नसेल तर, सही करू शकतो, परत आयए नको, परत तपासणी नको. विमान दुसरीकडे उडवून न्यायचं तर फेरी परमिट काढायचं किंवा मेकॅनिकलाच बोलवायचं. हे आम्हाला प्रत्यक्ष कधी करावं लागलं नाही, पण नियम माहीत आहे हे समोरच्याला कळलं की बोलण्याचा सूर बदलतो.

स्वतः काम करूनही पैसे वाचतात. प्रायव्हेट पायलट असलेल्या मालकाला तीसेक कामं स्वतः करून लॉगबुकात सही करता येते: ऑइल, टायर, बॅटरी, प्लग साफ करणं, लाइटचे बल्ब. आणि ॲन्युअलमध्ये मेकॅनिकच्या नजरेखाली झाकणं उघडणं, सीटा काढणं, पोट धुणं हे करू दिलं तर, म्हणजे सगळे देत नाहीत, तर तपासणीचे चार-पाचशे कमी होतात. विमानाचं पोट धुणं म्हणजे पाठीवर झोपून वर्षाचं ऑइल आणि चिखल चिंधीने पुसणं, बायकोने मला त्या अवतारात पाहून सरळ गॅरेजमध्ये आंघोळ करायला लावली होती. पण त्या एका दिवसात मला विमान जेवढं कळलं तेवढं शंभर तास उडवून कळलं नसतं.

पार्ट महाग का, हा प्रश्न पुण्याहून भाऊ फोनवर दर वेळी विचारतो. एक स्पार्क प्लग ३०-४० डॉलरच्या पुढे, गाडीचा त्याच्या पाव किमतीत. कारण मंजुरी, कागद आणि खप. पार्टला एफएएची मान्यता पाहिजे, प्रत्येकाचा कागद पाहिजे, आणि गिऱ्हाईक मूठभर. भारतातही काही सुटका नाही, तिथे डीजीसीए ह्या सरकारी विमान खात्याच्या नियमाने दर वर्षी एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट लागतं, आणि कागदांचा ढीग मला वाटतं इथल्यापेक्षा उंच.

कागदांवरून एक राहिलंच. ॲन्युअलशी गल्लत होणाऱ्या दोन तपासण्या असतात: ट्रान्सपॉन्डरची (रडारला विमानाची ओळख देणारा डबा) दर २४ महिन्यांनी, आणि ढगांतून उपकरणांवर उडणार असाल तर उंचीमापकाची, तीही २४ महिन्यांनी. त्या बहुतेक वेळा वेगळ्या शॉपला कराव्या लागतात आणि त्यांचं बिल वेगळं. ईएलटी, म्हणजे अपघातात आपोआप सिग्नल देणारा डबा, दर १२ महिन्यांनी तपासायचा आणि त्याच्या बॅटरीला स्वतःची तारीख असते, ती वापरलेली असो नसो. आणि लॉगबुकं स्कॅन करून ठेवा. शॉपमध्ये मूळ वह्या सोडून येऊ नका, जुन्या विमानाची लॉगबुकं हरवली तर किंमत धाडकन खाली येते आणि भांडण झालं तर वह्या समोरच्याच्या कपाटात असतात.

ह्या वर्षीची ॲन्युअल मार्चच्या तीन तारखेला झाली. तपासणी १७००, कारण दर वाढला. ब्रेकची लायनिंग, नाकाच्या चाकाच्या स्ट्रटचं सील, ईएलटीची बॅटरी, सगळं मिळून २३५०. यादीत आणखी एक ओळ होती, डाव्या मॅग्नेटोचे ५०० तास होत आलेत, उघडून बघा. तिघांनी मिळून त्यापुढे लिहिलं, ऑगस्टमध्ये. म्हाताऱ्याने ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं, "जुलै." आम्ही जुलै केलं.